उद्या न म्हणणारा माणूस

हे लिहायचं मी नऊ वर्षं टाळलं. पहिली चार वर्षं नोकरीचं कारण होतं. निवृत्त झाल्यावर ते गेलं, मग मोतीबिंदू, मुलाच्या घराचं काम, सुनेचं बाळंतपण अशी एकेक कारणं पुढे करत राहिलो. मागच्या दिवाळीनंतर ज्याच्याविषयी लिहायचं तो माणूसच गेला. आता माझं वय पासष्ट आहे, आणि हे माझ्यामागे दुसरं कुणी सांगेल अशी सोय नाही, कारण माझ्याशिवाय कुणाला ते ठाऊक नाही.

सुरतेजवळ कडोदऱ्याच्या रस्त्यावर एका प्रोसेस हाऊसमध्ये मी प्लॅनिंगचा साहेब होतो. प्रोसेस हाऊस म्हणजे लूमवरून, यंत्रमागावरून, आलेलं कोरं कापड जिथे धुतात, रंगवतात, छापतात, ती मिल. तिथे एका सकाळी वाफेचा नको तो व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि एका माणसाचे दोन्ही हात भाजले. व्हॉल्व्ह उघडा राहिला तो एका यादीमुळे. यादी कॉम्प्युटरनं काढली होती, आणि कॉम्प्युटरला ती काढायला ज्यानं शिकवलं त्याच्यावर सगळा ठपका आला. तो ठपका घेऊनच तो गेला. चूक त्याची नव्हती, माझी होती. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याच्या तऱ्हा सांगताना माझ्याकडून हसणं झालं, तर वाचणाऱ्यानं हे विसरू नये.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या बायकोची परवानगी घ्यायला हवी, आणि तिच्यासमोर उभं राहायला मला तोंड नाही. मिलमध्ये त्याला सगळे तारीखवाला म्हणायचे. मूळचा धुळे जिल्ह्यातला, राहायला भेस्तानला. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, हुद्द्यानं तर बराच खाली. मी त्याला अरे-तुरे करायचो. लिहिताना आता 'ते' म्हणावंसं वाटतं, पण मेल्यावर दिलेल्या मानाचं त्याला काय करायचं?

तो मिलमध्ये आला तो गेटवरचा टाइमकीपर म्हणून. हजेरीची कार्डं आणि पाळीचा भोंगा ही दोन कामं. भोंग्याची कळ दाबायच्या आधी तो एक मिनिट कळीवर बोट ठेवून उभा राहायचा, म्हणजे आयत्या वेळी खुर्चीतून उठण्यात सेकंद जायला नको. लोक म्हणायचे, कडोदऱ्यात सूर्य ह्याला विचारून उगवतो. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले, आणि जेवणाच्या सुट्टीत तो मागे उभा राहून बघत बघत ते शिकला. कसं शिकला ते मला अजून कळलेलं नाही. इंग्रजी त्याला कामापुरतंच यायचं. पण ठरल्या वेळेला आपोआप चालणारी कामं, ज्यांना कॉम्प्युटरवाले जॉब म्हणतात, ती लावण्यात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. भोंगा वाजवणं आणि जॉब लावणं त्याच्या लेखी एकच होतं. म्हणायचा, "साहेब, फरक एवढाच. भोंग्याला तारीख लागत नाही."

आज, उद्या, परवा हे शब्द तो वापरायचा नाही. कुणी वापरले तर त्याला चालायचे नाहीत. रंगखात्याचा डाइंग मास्तर होता बनारसकडचा, त्याची आणि ह्याची रोजची जुगलबंदी ठरलेली.

"लॉट कल दे दूँगा."

"कल मतलब कौन सी तारीख, मास्टरजी?"

"अरे भाई, कल मतलब कल."

"जो गया वो भी कल, जो आएगा वो भी कल. आपका लॉट किस में है?"

मास्तर कपाळावर हात मारायचा आणि तारीख सांगायचा. सांगितल्याशिवाय सुटका नसायची. मिलमधले ओडिया कारागीर, खानदेशी पोरं, हिशेब लिहिणारे गुजराती मेहताजी, सगळे त्याच्यासमोर तारखेत बोलायचे. एकदा मेहताजींनी त्याला मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली. ह्यानं ती जागेवरच वाचली आणि परत केली. पत्रिकेतला वार आणि तारीख जुळत नव्हते. मेहताजी म्हणाले, "भाई, बधाने खबर छे के रविवारे छे." हा म्हणाला, "माहीत नसलेल्यासाठीच तर पत्रिका छापतात." रागानं मेहताजींनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं, मग गुपचूप चारशे पत्रिकांवर पेनानं वार दुरुस्त केला. लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बसवलं होतं.

त्याच्या घरी लोणच्याच्या बरणीवर तारीख असायची, पंख्याच्या पात्यावर तो पुसल्याची तारीख असायची. वहिनी, म्हणजे त्याची बायको, एकदा हसून म्हणाल्या होत्या, "साहेब, माझ्या पाठीवर तेवढी लिहायची ठेवली आहे."

पण ह्या सगळ्याला नुसतं वेड म्हणता येणार नाही. मी एकदा त्याला विचारलं, की हे व्हेरिएबल व्हेरिएबल म्हणतोस ते काय असतं. त्यानं स्वतःचा जेवणाचा डबा पुढे ओढला.

"हा डबा, साहेब. रोज हाच डबा. आत रोज वेगळी भाजी. मी बायकोला सांगतो, डबा दे. भेंडी दे, वांगं दे असं सांगत नाही. जॉबला पण तसंच. त्याला सतरा तारीख, अठरा तारीख असं कोण रोज सांगत बसणार? त्याला सांगायचं, तारखेच्या डब्यात जे असेल ते घे. आता मुद्दा असा, की डबा भरला कुणी आणि कधी."

"म्हणजे?"

"डबे दोन असतात. एक ठरलेल्या वेळेचा. जॉब ज्या वेळेला चालायला पाहिजे होता, ती वेळ त्यात असते. मग तो उशिरा चालू दे, दोन दिवसांनी चालू दे, आतली तारीख बदलत नाही. दुसरा डबा घड्याळाचा. जॉब खरोखर चालू झाला त्या क्षणी घड्याळात जे दिसेल ते त्यात पडतं. रोज लाइट असली, सगळं वेळेवर झालं, तर दोन्ही डब्यांत एकच भाजी. माणसाला वाटतं दोन्ही डबे सारखेच." मग झाकण लावत म्हणाला, "कॉम्प्युटरला उद्या नसतो. कुठल्या दिवसाचा उद्या, ते आपण सांगायचं असतं."

मी तेव्हा मान डोलावली होती. मला समजलं होतं असं मला वाटलं होतं.

एकोणतीस फेब्रुवारीला तो पेढे घेऊन आला, ही गोष्ट मिलमध्ये पुष्कळ दिवस चालली. सगळ्यांना वाटलं मुलगा झाला. तर म्हणे चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेची यादी बरोबर निघाली. शेठ हसून म्हणाले, "आ माणस गांडो छे, पण आपणो गांडो छे." वेडा आहे, पण आपला वेडा आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याच शेठनी त्याला एका वाक्यात बाहेर काढलं.

आता त्या यादीविषयी सांगतो.

आमच्या मिलमध्ये बॉयलरची वाफ चार लाइनींतून मशीनांना जायची. रोज एक लाइन बंद ठेवून तिच्यावरची मशीनं उघडून साफ करायची, अशी पाळी ठरलेली होती. सणाला, तातडीच्या लॉटला पाळी बदलायची, म्हणून बॉयलरवाल्याला रोज सांगावं लागायचं की ह्या तारखेला अमुक लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घाल, बाकीचे उघडे ठेव. पूर्वी ती चिठ्ठी मी हातानं लिहायचो आणि महिन्यातून एकदा तरी चुकायचो. तारीखवाल्यानं त्याचा जॉब लावला. रोज रात्री दहाला तो आपोआप चालायचा, दुसऱ्या दिवसाची यादी बनवायचा आणि बॉयलर हाऊसच्या प्रिंटरवर कागद पडायचा. वर मोठ्या अक्षरात तारीख, खाली चार लाइनी, पुढे बंद किंवा उघडी. सहा वर्षांत ती यादी एकदाही चुकली नाही. सुरतेत लाइट जायची, सर्व्हर बंद पडायचा, जॉब कधी सकाळी चालायचा, तरी यादी त्याच दिवसाची यायची, कारण तारीख तो ठरलेल्या वेळेच्या डब्यातून घ्यायचा. बॉयलरवाल्यांना त्यानं शिकवून ठेवलं होतं: कुणी साहेब तोंडानं काही सांगितलं आणि यादीत वेगळं असलं, तर यादी खरी.

मध्येच कुणाला यादी पुन्हा काढायची असली तर तीही सोय होती, पण ती त्याच्या पद्धतीची. कॉम्प्युटर आधी विचारायचा, कोणत्या तारखेची? मग दिवस, महिना, वर्ष पूर्ण लिहायचं. त्याखाली वारही लिहायचा. वार चुकला तर यादी निघायची नाही. मी त्याला अनेकदा म्हणालो, "अरे, उद्याचीच पाहिजे असते दर वेळेला. सरळ उद्याची काढ असं का नाही करत?"

तो म्हणायचा, "साहेब, त्या एका शब्दासाठी मी हे सगळं केलं आहे."

बोलायचा शांतपणे, पण चार माणसांसमोर बोलायचा. मला ते लागायचं. आज लिहिताना कबूल करतो, लागायचं.

त्या वर्षी अखाजीला तो गावी गेला. खानदेशात अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, त्याला अखाजी म्हणतात. वहिनींना माहेरी पोहोचवायचं म्हणून त्यानं आठ दिवस रजा घेतली. माझ्याकडे जॉबचा पासवर्ड ठेवला. म्हणाला, "लागणार नाही. पण असू द्या."

त्या आठवड्यात एक मोठा लॉट आला आणि साफसफाईचा क्रम रोज बदलत होता. रोज दुपारी मला यादी नव्यानं काढावी लागायची. रोज तारीख लिहा, महिना लिहा, वर्ष लिहा, वार लिहा. तिसऱ्या दिवशी मी वार चुकलो. समोर मास्तर बसला होता, तो हसला. म्हणाला, "साहब, कंप्यूटर में भी वही बैठा है क्या?"

मी फाइल उघडली. थोडंफार मला वाचता यायचं. जिथे यादीसाठी तारीख घेतली होती ती ओळ सापडली. तो प्रश्न विचारण्याचा भाग मी काढून टाकला आणि तारखेच्या जागी घड्याळाची आजची तारीख अधिक एक दिवस असं लिहून टाकलं. चालवून बघितलं. उद्याची यादी झटकन बाहेर आली. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मी मास्तरला म्हणालो, "बघ, दोन मिनिटांचं काम होतं." कॉम्प्युटरमधलं त्याला काही कळत नव्हतं; तारीख लिहायचं काम वाचलं, एवढंच त्याला समजलं.

पण कागदावर तारीख दोन ठिकाणी होती. खालच्या यादीची तारीख मी बदलली. वरच्या मथळ्याची ओळ वेगळी होती, तिच्याकडे माझं लक्षही गेलं नाही. तिथे त्याचा जुना, ठरलेल्या वेळेचा डबा तसाच राहिला.

तो रजेवरून आला तेव्हा मी त्याला हे सांगणार होतो. सांगितलं असतं तर तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हटलं सवडीनं सांगू. जॉब रोज वेळेवर चालत होता, दोन्ही डब्यांत एकच भाजी होती. तीन दिवस काहीच झालं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या पट्ट्यातली लाइट गेली ती सकाळी सहाला आली. रात्री दहाचा जॉब राहून गेला होता. सर्व्हर चालू झाल्यावर तो आपोआप सुटला. मथळ्यात त्यानं ठरलेल्या वेळेवरून तारीख घातली, ती बरोबर त्या दिवसाची. खाली यादी मात्र घड्याळ बघून घेतली. घड्याळात सकाळ झालेली होती, म्हणून त्याचा उद्या एक दिवस पुढे सरकला. वर आजची तारीख, खाली उद्याची यादी. बॉयलरवाल्यानं तारीख बघितली, बरोबर होती. यादीप्रमाणे त्यानं चौथ्या लाइनीला कुलूप घातलं. तिसरी उघडी ठेवली.

मोठा लॉट संपून साफसफाईचा नेहमीचा क्रम परत सुरू झाला होता, आणि खात्यातल्या माणसांना तो तोंडपाठ असायचा. त्या दिवशी तिसऱ्या लाइनीची पाळी होती. तिच्यावरचं मशीन उघडून आत हात घालणारा माणूस तारीखवाल्याचा मेहुणा होता, वहिनींचा धाकटा भाऊ. ह्यानंच त्याला गावाहून आणून कामाला लावला होता. त्यानं नेहमीप्रमाणे बॉयलरकडे ओरडून विचारलं, "लिस्ट का बंद हो गया क्या?" तिकडून उत्तर आलं, "हो गया." दोघंही खरं बोलत होते. रात्रभर बॉयलर थंड होता, म्हणून पाइपही थंड होते. संशय यायला जागाच नव्हती. नऊच्या सुमाराला प्रेशर चढलं.

त्याचं ओरडणं मी ऑफिसात ऐकलं. त्यापुढचं मी लिहीत नाही. हात कोपरापर्यंत गेले होते. तारीखवाला त्याला रिक्षात मांडीवर घेऊन दवाखान्यात गेला.

सगळे खाली धावले असताना मी बॉयलर हाऊसमध्ये जाऊन तो कागद बघितला. वरची तारीख वाचली, खालची यादी वाचली, आणि मला कळलं. समजायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. म्हणजे त्यानं डब्याचं जे सांगितलं होतं ते मला समजलं होतंच, फक्त माझ्या सोयीच्या वेळी ते मी बाजूला ठेवलं होतं. मी वर आलो, फाइल उघडली आणि ती होती तशी करून टाकली. काढलेला प्रश्न परत घातला, त्याची ओळ परत लिहिली. एक अक्षर चुकलं नाही.

दुपारी शेठनी बोलावून चूक कुणाची ते विचारलं. "कोनी भूल छे, ए मने कहो."

मी म्हणालो, "यादी चुकीची निघाली."

"यादी कोण बनावे छे?"

मी त्याचं नाव सांगितलं.

शेठ म्हणाले, "एने छूटो करो. अने कॉम्प्युटरने हाथ नहीं लगाडवा देता." त्याला कामावरून काढा, आणि कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका.

त्या खोलीत मी एकही खोटं वाक्य बोललो नाही. ह्याच एका गोष्टीवर मी पुढे बरीच वर्षं झोपत होतो. पण खोटं त्यानंतर तासाभरानं बोललो.

तो दवाखान्यातून आला. शर्टावर मलमाचे डाग होते. शेठनी काय सांगितलं ते त्याला गेटवरच कळलं होतं. म्हणाला, "साहेब, मला फाइल बघू द्या."

"तुला मनाई आहे."

"मग छापून द्या."

मी छापून दिली, माझ्या हातानं सुधारलेली. त्यानं उभ्या उभ्या ती वाचली, एकेका ओळीवर बोट ठेवत. त्या ओळीशी त्याचं बोट थांबलं. पुन्हा वरून सुरुवात केली. तीनदा वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे बरोबर आहे. ह्यातून अशी यादी निघत नाही."

"निघाली तर खरी."

"फाइल शेवटची कधी बदलली, ते तेवढं बघून सांगा."

पडद्यावर दिसत होतं. त्याच दिवसाची तारीख, सकाळचे नऊ पंचावन्न. पडद्याची पाठ त्याच्याकडे होती. तो टेबलाच्या पलीकडे उभा होता, फार तर तीन हातांवर. मी म्हणालो, "मार्चमधली आहे. तू रजेवर गेलास त्याच्या आधीची."

ज्यानं छापील पत्रिकेवर विश्वास ठेवला नाही, त्यानं माझ्या तोंडच्या तारखेवर ठेवला. मान हलवली. कागदाची घडी केली, खिशात ठेवली. म्हणाला, "मग माझंच काहीतरी चुकलं." आणि अहिराणीत स्वतःशीच म्हणाला, "पन कोठे चुकनं?"

त्याच वेळी मी बोललो असतो तर फार तर माझी नोकरी गेली असती. निवृत्तीला चार वर्षं होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, मिलमधल्या खानदेशी पोरांकडून. मेहुण्याची बोटं वळत नाहीत, त्याला घास भरवावा लागतो. गावात सगळे म्हणतात, दाजीनं कामाला लावलं आणि दाजीच्याच यादीनं जाळलं. सासऱ्यानं दार बंद केलं. वहिनी त्यानंतर अखाजीला माहेरी गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर कुणी आत घेतलं नसतं. ह्याला भेस्तानला एका लूमच्या खात्यात गेटवर नोकरी मिळाली. कॉम्प्युटरला त्यानं पुन्हा हात लावला नाही. एक पोरगा म्हणाला, "साहेब, तो घरी गॅस पण लावत नाही. म्हणतो, माझ्या हाताचा भरवसा नाही."

ते ऐकल्यावर मी जायचं ठरवलं. ठरवल्यावर दोन वर्षं गेली. शेवटी दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, म्हणजे तो जायच्या दीड वर्ष आधी, गेलो. बोलताना धीर सुटेल हे मला माहीत होतं, म्हणून घरी बसून कागदावर काय सांगायचं ते लिहून नेलं होतं. चार ओळी. तोंडातून शब्द फुटला नाही तर कागद हातात द्यायचा, असं ठरवून गेलो होतो.

एका खोलीचं घर. तो खाली सतरंजीवर बसला होता, केस पूर्ण पांढरे. मला बघून उठला, हात जोडले आणि वहिनींना म्हणाला, "साहेबस्ले च्या दे." वहिनी उठल्या. गॅसकडे जाताना त्यांनी त्याला हातानं बाजूला सरकायची खूण केली, तो निमूट भिंतीला टेकला आणि चहा होईपर्यंत ज्योतीवरून नजर काढली नाही.

गुडघे, पाणी, मुलं, असं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "बरं झालं तुम्ही आलात. मला एक दाखवायचं होतं. तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही."

त्यानं ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत मी छापून दिलेला कागद होता, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्याच्याबरोबर तीन वह्या होत्या. त्या वह्यांत त्यानं तो जॉब एकेक ओळ करून पुन्हा पुन्हा लिहिला होता. लाइट गेली तर काय, दोनदा गेली तर काय, घड्याळ मागे पडलं तर काय, महिना संपत असला तर काय. प्रत्येकाचं उत्तर खाली काढलेलं, आणि प्रत्येक उत्तर बरोबर आलेलं. शेवटी एकच वाक्य पानापानावर होतं: यादी बरोबर निघते.

"सात वर्षं शोधतो आहे," तो म्हणाला. "सापडत नाही. तुम्ही एकदा बघा ना, साहेब. माझं कुठं चुकलं?"

मी वही हातात घेतली. त्या ओळीवर बोट ठेवायचं होतं, इतकंच. माझ्या खिशात कागद होता, त्याचं टोक मला छातीला लागत होतं. वहिनी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. तोंडातून निघालं ते असं: "इतकी वर्षं झाली आता. सोडून दे."

"सोडू कसं? सापडलं की सोडेन."

वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच सांगा यांना. रोज दोन तास हेच. मी म्हणते, चूक झाली माणसाच्या हातून, देवाला हात जोडा आणि मोकळे व्हा. तर म्हणतात, कोणती चूक ते कळल्याशिवाय माफी कशाची मागू?"

तो थोडं हसला. "खरं आहे ना, साहेब? मेहुण्याकडे जाऊन उभा राहीन. पण त्याला सांगणार काय?"

मी म्हणालो, "असेल कुठंतरी बारीकशी." हे मी म्हणालो. त्याच्या तीन वह्या मांडीवर घेऊन, त्याच्या घरचा चहा समोर असताना, असेल कुठंतरी बारीकशी असं मी म्हणालो. त्यानं मान हलवली, त्या दिवशी टेबलापलीकडे हलवली होती तशीच. माझ्या बोलण्यानं त्याच्या मनातली शेवटची शंकाही फिटली असणार, की चूक आहे आणि ती आपलीच आहे.

तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला. वाटेत खड्डा होता तिथे माझा दंड धरला. रिक्षा लगेच मिळाली. मी आत बसलो. खिशातून कागद काढलासुद्धा, आणि त्याला वाटलं मी पत्ता बघतो आहे, म्हणून त्यानं रिक्षावाल्याला स्वतःच पत्ता नीट समजावून सांगितला. रिक्षा निघाली.

तो दिवाळीनंतर गेला, हृदयविकारानं, लूमच्या गेटवर खुर्चीत बसल्या बसल्या. मला चार दिवसांनी कळलं. मी गेलो नाही. हा मजकूर छापला गेला तर तो वहिनींपर्यंत, आणि गावी त्यांच्या भावापर्यंत पोहोचावा एवढी इच्छा आहे. तो कागद मी फाडलेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अहो म्हणून लिहिलं होतं, ते असं:

"त्या दिवशीची यादी तुमच्यामुळे चुकली नाही. तुम्ही रजेवर असताना ती ओळ मी बदलली होती, आणि अपघातानंतर मीच ती परत बरोबर केली. फाइल कधी बदलली ते मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचं कुठंच चुकलं नव्हतं, मला माफ करा."